तेरा झाडांची सुनावणी

पहिलं झाड

साहेबांची जीप थांबली तेव्हा पहिल्या झाडाखाली निम्मं गाव उभं होतं आणि राहीबाई एकटीच बसली होती. पाय दुखत होते म्हणून नव्हे. उभं राहिलं की गुन्हेगारासारखं वाटतं, आणि आपण गुन्हा केला की नाही हे तिचं अजून ठरत नव्हतं.

ओव्हरसीअरनं खोडाकडं बोट केलं. "हे बघा साहेब. इथं एक नंबर होता. साल तासून, डांबरानं मी स्वतः घातलेला. आता बघा."

कडुलिंबाच्या खोडावर वीतभर निळसर पांढरा लेप होता. कडा बोटानं नीट सारख्या केलेल्या.

"तेराच्या तेरा झाडांवर असंच. एक खूण शिल्लक नाही. रस्ता रुंद करायला कोणती झाडं पाडायची, तेच आता कळत नाही."

"कुणी केलं हे?" साहेबांनी विचारलं.

सहादेव पुढं झाला. राहीबाईचा नवरा, घरातला थोरला. डोक्यावरची टोपी त्यानं उगाच सारखी केली. "आमच्या मंडळींची चूक झाली साहेब. अडानी बाई हाय. पदरात घ्या."

राहीबाई उठली.

"अडानी न्हाई साहेब. साल तासलेली दिसली. मोसंबीची अशी साल गेली की डिंक गळतो, झाड वरनं वाळत येतं. मग खरडून मोरचूद-चुन्याचा लेप लावायचा, ह्ये आमच्या हाताला बसलंय. मला वाटलं, कुन्या गुराख्यानं कुऱ्हाड चालवली. दोन दिस बसून तेराबी झाडं सारवली. डांबर लई चिकाट हुतं. करवंटीनं खरडावं लागलं."

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. साहेबांनी तोंडापुढं रुमाल धरला आणि ते उगाच खोकले.

"झाडं तोडायची आहेत हे तुम्हाला माहीत नव्हतं? नोटीस महिनाभर चावडीवर होती."

राहीबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. सहादेव रोज चावडीवर बसतो. त्याला वाचता येतं, तिला येत नाही. घरात मिठापासून कोर्टापर्यंतच्या गोष्टी तोच येऊन सांगतो. ही तेवढी सांगितली नव्हती. आत्ता तो जीपच्या चाकाकडं बघत होता.

"मला कुनी सांगितलं न्हाई," ती म्हणाली.

साहेबांनी कागद चाळले. हरकतींची सुनावणी पुढच्या सोमवारी तालुक्याच्या कचेरीत होती. तिथं जायला एसटीनं अर्धा दिवस, आणि बायांना तिथं कोण नेणार? पण नंबर पुन्हा घालायला साहेबांना यावंच लागलं होतं.

"आलोच आहे तर हरकतीही इथंच ऐकतो," ते म्हणाले. "चला. एकेक झाड घेऊ."

राहीबाईनं लेपाचा डबा उचलून बरोबर घेतला. का ते तिलाही सांगता आलं नसतं.

दुसरं झाड

हे तिचं.

तिची सासू बनुबाई. तिनं ही रांग लावली आणि तिनंच रीत पाडली, की वेशीतून आत आलेल्या नव्या सुनेनं एक झाड घ्यायचं आणि चार पावसाळे त्याला पाणी घालायचं. सून कुणाचीही असो, पाटलाची, न्हाव्याची, ख्रिस्तीवाड्यातली. झाडं तेरा झाली आणि सुना वाढतच राहिल्या, तेव्हा पुढच्या सुनांना जुन्यांत वाटणी मिळाली. काष्टीहून चौदा वर्षांची राहीबाई आली ती रडतच आली. बनुबाईनं तिची समजूत काढली नाही. हातात घागर दिली. "ह्ये दोन नंबरचं तुजं. त्याच्यापाशी रड, तेवढंच त्याला पानी."

छत्तीस वर्षं झाली. आता त्या खोडाला दोन माणसांची मिठी पुरत नाही.

"झाडं कुणाची?" साहेबांनी विचारलं.

"सरकारची," सहादेव म्हणाला. ते खरंच होतं. रस्त्याची हद्द सरकारची, हद्दीतली झाडं सरकारची.

"झाडं सरकारचीच," राहीबाई म्हणाली. "पानी आमचं."

तिसरं, चौथं आणि पाचवं झाड

तिसरं मरियाचं, म्हणजे याकोब मास्तरांच्या बायकोचं. त्याच्याखाली मास्तर पेन्शनीतला काळा कोट घालून थांबले होते. हातात घडी घातलेला अर्ज, काखेत शाळेची जुनी वही. अर्ज त्यांनी उभ्यानं वाचायला सुरुवात केली, आणि साहेब चालतच राहिल्यामुळं तीन झाडं होईपर्यंत वाचला.

*"मे. साहेबांचे सेवेशी, खाली सह्या व अंगठे करणार चौसष्ट ग्रामस्थांचा अर्ज ऐसाजे. रस्ता रुंद होण्यास आमची हरकत नाही. आमचा ऊस, आमचे आजारी, आमच्या लेकी याच रस्त्याने जातात.*

*गेल्या वर्षीच्या दुष्काळात या रस्त्यावर खडी फोडण्याचे काम निघाले. मी शाळेचे तापमापक मागून घेतले व वैशाखात एकवीस दिवस रोज दुपारी दोन वाजता मोजले. उन्हात सरासरी अठ्ठेचाळीस. सहाव्या झाडाखाली अडतीस.*

*पुढच्या मैलात झाडे नाहीत. तिथे चक्कर येऊन पडलेली माणसे एकोणीस. त्यांत दोन उठली नाहीत. या तेरा झाडांखाली रोज दोनशे माणसे बसत. पडलेले एकही नाही.*

*सबब विनंती की रस्ताही व्हावा आणि झाडेही राहावीत."*

"मास्तर," ओव्हरसीअर म्हणाला, "एकाच जागी रस्ता आणि झाड दोन्ही कसं राहील?"

"ते तुमचं शास्त्र," मास्तर म्हणाले. "मी आकडे दिले."

साहेबांनी वही मागून घेतली. उभ्या उभ्या पानं उलटली. एकवीस दिवसांचे एकवीस आकडे, आणि ज्या दिवशी कुणी पडलं त्या आकड्यासमोर त्याचं नाव.

राहीबाईला वहीचं काही माहीत नव्हतं; झाडं जाणार हे कळल्यावर परवा तिनं अर्जावर नुसता अंगठा उठवला होता. तिला एवढंच आठवत होतं, की मास्तर भर दुपारी छत्री घेऊन काचेच्या नळीकडं बघत उभे राहायचे आणि बाया हातोडा थांबवून एकमेकींना म्हणायच्या, मास्तरांचं डोकं फिरलं. तिनं पदर पुढं घेतला आणि मास्तरांना हात जोडले. मास्तर गोंधळले. "अहो राहीबाई, मरियाचंही झाड आहे यात," ते पुटपुटले.

सहावं झाड

इथं खडीचे ढीग होते. चौकोनी रचलेले, वर गवत उगवलेलं.

"ही खडी कुणाची?" साहेबांनी विचारलं.

"आमीच फोडलीया," राहीबाई म्हणाली. "ह्याच झाडांखाली बसून."

साहेबांनी एक खडा उचलला, हातात फिरवला आणि होता तिथंच ठेवला. याच खडीनं रस्ता रुंद व्हायचा होता.

सातवं झाड

सातव्याखाली मुंगळ्यांचं वारूळ आहे. सगळे वळसा घालून गेले. ओव्हरसीअर गेला नाही, आणि मग आठव्यापर्यंत पाय झटकत आला.

आठवं झाड

साहेब रस्त्याच्या मधोमध उभे राहिले आणि पलीकडं पाहू लागले. पलीकडं कुंपण आणि कुंपणाच्या आत मोसंबीची रोपं. गुडघ्याएवढी, प्रत्येकाला काठीचा आधार.

"चौथ्या झाडापासून रस्ता अकरा फूट तिकडं सरकला तर?" त्यांनी ओव्हरसीअरला विचारलं.

"सरकेल साहेब. पण ती खाजगी जमीन. नव्यानं संपादन म्हणजे वर्ष जाईल."

"मालकानं राजीखुशीनं लिहून दिलं तर नाही जाणार. नकाशा बदलायला मी वर लिहीन. जमीन कुणाची आहे?"

सगळ्या गावाला माहीत होतं.

"माझी," भीमा म्हणाला.

सहादेवाचा धाकटा भाऊ. दोन वर्षांपूर्वी वाटणी झाली तेव्हा रस्त्याकडची पट्टी त्याला आली. त्यात वडिलांची जुनी मोसंबीची बाग होती, ती दुष्काळात वाळून सरपण झाली. यंदा पाऊस झाला तशी त्यानं श्रीरामपूरहून रोपं आणली, आणि पोरं सांभाळावीत तशी सांभाळली. अकरा फूट म्हणजे एक अख्खी ओळ.

राहीबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. सहादेव हळू आवाजात बोलला, फक्त तिला ऐकू जाईल असं.

"म्हनून सांगितलं न्हाई. तुला कळलं असतं तर तू झाडांसाठी उठली असतीस. झाडं वाचली की भीमाची जिमीन जाती, ह्ये मी नकाशा बघितला तवाच वळीखलं. बाबा जाताना म्हनले हुते, धाकट्याला जप."

"मला सांगायचं तरी."

"सांगून काय केलं असतंस?"

महिनाभर हा माणूस नोटीस पोटात घेऊन जेवला, झोपला. तिचा राग कुठं ठेवावा हेच तिला कळेना. सासू गेल्यावर सहा वर्षांच्या भीमाला तिनंच वाढवलं होतं. त्याच्या ताटातली भाकरी काढून आपल्या झाडाला सावली मागायची?

ती साहेबांपुढं गेली.

"साहेब, माझी हरकत न्हाई. मागं घेते. मास्तर, माझा अंगठा काढून टाका."

"वहिनी," भीमा म्हणाला.

"अर्ज चौसष्ट जणांचा आहे," साहेब म्हणाले. "तुम्ही एकट्या मागं घेऊ शकत नाही. चला, पाच राहिली."

नववं आणि दहावं झाड

ती सगळ्यांच्या मागून चालली. डब्याची कडी वाजत होती ती तिनं बोटानं धरली.

अकरावं झाड

चांगुणा, भीमाची बायको, आतापर्यंत बायांच्या घोळक्यात होती. कडेवर दीड वर्षाचा कानिफनाथ. अकराव्या झाडाखाली आल्यावर ती थांबली, आणि तिच्यामुळं मागच्या बाया थांबल्या.

"आवं," तिनं भीमाला हाक मारली. "वर बघा."

"काय हाय?"

"फांदी बघा की."

खालच्या आडव्या फांदीला मधोमध वळ होता. साल झिजून गुळगुळीत झालेली, हातभर अंतरावर दोन जागी.

"झोळीच्या दोरीचा हाय. तुमी पुन्याला हमालीला गेल्ता तवा ह्यो तीन महिन्यांचा हुता. सात महिने हितंच निजला. मी पलीकडं पाट्या व्हायची. मुकादम मला सारखं हिकडं येऊ देत नव्हता."

"मग ह्याला बघत कोन हुतं?"

"बाई," चांगुणा म्हणाली. राहीबाईला ती 'बाई'च म्हणायची. "दोरीचं टोक पायाच्या अंगठ्याला बांधायच्या आन् दोनी हातांनी खडी फोडायच्या. पोरगं रडलं की पाय हलवायच्या. संध्याकाळी अंगठा सुजायचा."

"काय बी सांगती," राहीबाई म्हणाली. "सुजत नव्हता काय."

"वहिनी, मला कुनी बोललं न्हाई ह्ये."

"बोलायचं काय त्यात? झाडानं सांभाळला त्याला. मी नुस्ता पाय हलवला."

कानिफनाथानं वर हात केला. त्याला फांदी हवी होती की दोरी, कोण जाणे. भीमानं त्याला चांगुणाच्या कडेवरून घेतलं आणि वर उचललं. पोरानं झिजलेल्या जागी तळवा टेकवला. भीमा बराच वेळ त्याला तसाच धरून उभा राहिला. मग खाली घेतलं.

"किती फूट म्हनलात साहेब?"

"अकरा."

"बारा घ्या. पुन्यांदा यायला नको तुमाला."

लोक हसले. सहादेव हसला नाही. "भीमा, नीट इचार कर. रागाच्या न्हाई तर मायेच्या भरात बोलू नगं. रोपांची आख्खी वळ जातीया."

"वळच जातीया ना दादा. बाग न्हाई जात."

सहादेव कुंपणाकडं बघत राहिला. बारा फूट त्यानं नजरेनंच मोजले असावेत. मग तो ओव्हरसीअरकडं वळला, आणि आवाज असा काढला जसं काही हे आधीच ठरलेलं होतं. "लिवा. भीमाची जेवढी जाईल तेवढी पट्टी मागच्या अंगाला माझ्यातनं त्याला. बांध माझ्याकडं सरकवायचा."

"दादा, वाटनी झालीया आपली."

"झाली. तिची बी चूक दुरुस्त करता येती."

राहीबाई नवऱ्याकडं बघत राहिली. महिन्याभराचा राग तिनं अजून सोडला नव्हता, पण आता तो धरायला जड झाला होता.

बारावं झाड

"एक सांगायला हवं," साहेब म्हणाले. घाम पुसत, पण सावलीमुळं टोपी न घालता ते रांगभर चालले होते, हे राहीबाईनं पाहिलं होतं. "रस्ता चौथ्यापासून सरकेल. पहिली तीन रस्त्याखालच्या नाल्याच्या मोरीला लागून आहेत. मोरी हलत नाही. ती तीन मला वाचवता येणार नाहीत. येतील असं म्हणालो तर खोटं होईल."

बाया राहीबाईकडं आणि मरियाकडं बघू लागल्या.

"पैलं सासूबाईंचं," राहीबाई म्हणाली. "त्या असत्या तर म्हनल्या असत्या, दहांसाठी माजं एक द्या. तिसरं मरियाबाईचं, त्ये त्यांनी सांगावं."

मरिया पुढं आली. उंच, सावळी, पांढऱ्या पातळाची. तिनं झाडाकडं वळून पाहिलं नाही. "दुसरं राहीचं जातंय का?" तिनं विचारलं.

"जातंय."

"मग माझं बी जाऊ द्या. शेजार सुटायला नको."

राहीबाईनं तिचा हात धरला. दुष्काळात या हाताला आणि आपल्या हाताला एकाच जागी घट्टे पडले होते. आता ते मऊ व्हायला लागले होते.

तेरावं झाड

पंचनामा इथं झाला. मास्तरांनी वहीचा आधार दिला, साहेबांनी लिहिलं, भीमानं सही केली. बायांचे अंगठे घेताना शाई संपत आली, तेव्हा ओव्हरसीअरनं जीपमधून दुसरी बाटली आणली. एवढे अंगठे लागतील असं त्याला वाटलं नव्हतं.

मग नंबर पुन्हा घालायचे राहिले. ओव्हरसीअरनं कुऱ्हाड काढली. राहीबाईकडं पाहिलं आणि परत जीपमध्ये ठेवली.

"लेपावरच गेरूनं लिहितो," तो म्हणाला. "चालेल?"

"पावसानं जाईल."

"जाऊ दे. पावसापर्यंतच हवेत."

तो लिहीत उलटा चालला, तेराकडून एककडं, आणि राहीबाई गेरूची बादली घेऊन त्याच्या मागं. चौथ्यापाशी त्यानं हळूच विचारलं, "बाई, तो लेप कसा करता? घरी दारात दोन मोसंबी आहेत. डिंक गळतोय."

"मोरचूद येगळं भिजवायचं, चुना येगळा. लोखंडाचं भांडं न्हाई घ्यायचं. मग एकत्र करायचं," ती म्हणाली. "ऱ्हाऊ द्या, डबाच न्या. उरलंय निम्मं."

दुसऱ्या झाडावर आकडा घालताना त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही. आकडा मात्र त्यानं सगळ्यांत सुबक काढला.

जिथं झाड नाही

संक्रांतीनंतर नकाशा बदलून आला. माघात पहिली तीन झाडं पाडली. राहीबाई गेली नाही. मरिया तिच्याकडं येऊन बसली आणि दोघींनी दिवसभर शेंगा फोडल्या. कुऱ्हाडीचा आवाज आला की एक शेंग जास्त जोरात फुटायची, एवढंच. संध्याकाळी लाकडं उचलायला आलेल्या माणसाकडून राहीबाईनं दोन नंबरचं एक सालपट मागून घेतलं. लेप अजून त्याला धरून होता.

थंडी होती तोवर भीमानं मोसंबीची रोपं हलवायला काढली. बावीस रोपं. मुळांना मातीचा गोळा ठेवून उचलायची, गोणपाटात बांधायची आणि मागच्या अंगाला, सहादेवानं सोडलेल्या पट्टीत लावायची. राहीबाईनं नवा लेप कालवला होता. प्रत्येक रोप उचलायच्या आधी ती त्याच्या एका बाजूला बोटानं टिकली लावत होती.

"ह्ये कशाला वहिनी? जखम तर न्हाई," भीमा म्हणाला.

"ही उगवतीची बाजू. तिकडं लावताना बी उगवतीकडंच यावी. न्हाईतर रोपाला कळत न्हाई, आपन कुठं आलो."

"आन् कुनी पुसली तर?"

"पुसनाऱ्याला माझ्याकडं धाड."

चांगुणा हसली. कानिफनाथ मातीत बसून स्वतःच्या पोटावर लेपाची टिकली लावून घेत होता. रस्त्यापलीकडून दहा झाडांची सावली लांब होत कुंपणापर्यंत आली होती. पुढं ती डांबरापर्यंतच येईल, बागेला पोचणार नाही. पण चालणाऱ्यांना पोचेल. राहीबाईनं मनातल्या मनात नावं घेतली: बनुबाई, मरिया, मास्तर, चांगुणा, भीमा, तो साहेब ज्याचं नाव तिला ठाऊकच नाही. घेता घेता सगळं गाव होत आलं, तेव्हा तिनं सोडून दिलं.

बांधावरून सहादेव आला. चावडीवरूनच येत होता, भराभर चालल्यानं टोपी घामानं भिजलेली. तो तिच्यापासून दोन हातांवर उकिडवा बसला आणि खिशातून घडी केलेला कागद काढला. चावडीवरच्या नोटिशीची त्यानं पेन्सिलीनं नक्कल करून आणली होती.

"नवा कागद लागलाय."

तिचं बोट रोपावरच थांबलं. "कसला?"

"गावामागच्या वढ्यावर नवी मोरी बांधनार हायेत." त्यानं कागदाची घडी उलगडली. "वाचून दावू?"

"वाचा की. माझं हात भरल्यात." तिनं पुढच्या रोपाला टिकली लावली. "आन् हरकतीची तारीख आदी वाचा."